हॅमच्या परीक्षेचा अभ्यास: गणित बोटांवर, मोर्स कानात

हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या, परवान्याची परीक्षा फार अवघड नसते, पण जरा तिरकस असते. एकाच बैठकीत ती सर्किटचं गणित विचारते, नियमावलीतली व्याख्या विचारते आणि मोर्स (टिंब-रेघांची तारेची लिपी) अजून अभ्यासक्रमात असेल तर कानाचीही परीक्षा घेते. गणित हातानं सोडवल्याशिवाय बसत नाही, नियम पाठच करावे लागतात आणि मोर्स ऐकल्याशिवाय येत नाही. बहुतेक जण आपल्याला आवडतो तेवढाच भाग घोटतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस नियमांना ‘वाचू आदल्या रात्री’ म्हणतो आणि नेमके तिथेच गुण घालवतो. दुसरा क्यू कोड (क्यूनं सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप) घडाघडा म्हणून दाखवतो, पण रेझोनन्सच्या गणिताला हात लावत नाही.

सुरुवातीला परवाना देणाऱ्या खात्याचा चालू अभ्यासक्रम मिळवा. कुणाची पाच वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालणार नाही, कारण बँडच्या (हौशींना दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या) मर्यादा आणि पॉवरचे आकडे बदलत असतात. वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: कोणत्या श्रेणीचा परवाना हवा आहे, प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं की एकूण गुण धरतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, आणि कॅल्क्युलेटर चालतो का. प्रत्येक भागात वेगळं पास व्हायचं असेल तर अर्धा वेळ कच्च्या भागालाच द्यायचा. पक्क्या भागात ९५ गुण मिळवून तिथे काही हाती लागत नाही.

प्रश्नपेढी जाहीर असेल तर ती शेवटच्या तीन आठवड्यांसाठी ठेवा. आधीच उघडली तर डोळा उत्तराचा आकार लक्षात ठेवतो. ‘तो लांबलचक तिसरा पर्याय’ एवढंच डोक्यात राहतं आणि परीक्षेत पर्यायांचा क्रम बदलला की सगळं ओम फस्.

गणित: सूत्रं थोडी, सराव भरपूर

ओहमचा नियम आणि पॉवरचं सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. पण नुसतं सूत्र येऊन भागत नाही, हे एका उदाहरणात बघा. ५० ओहमच्या डमी लोडमध्ये (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरमध्ये) १०० वॉट जात आहेत, तर त्यावर व्होल्टेज किती? व्होल्टेजचा वर्ग म्हणजे पॉवर गुणिले रेझिस्टन्स. १०० × ५० = ५०००, त्याचं वर्गमूळ ७०.७ व्होल्ट. करंट येतो १.४१ अँपिअर. हे झालं आरएमएस, म्हणजे परिणामी मूल्य. शिखर व्होल्टेज त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १०० व्होल्ट, आणि शिखर ते शिखर २०० व्होल्ट. पर्यायांत ७०.७, १०० आणि २०० हे तिन्ही आकडे हमखास हजर असतात. प्रश्नातला ‘शिखर’ हा एक शब्द नजरेतून सुटला तर बरोबर गणित करूनही उत्तर चुकतं.

असा छोटा डमी लोड घरी करून बघण्यासारखा आहे. २०० ओहमचे, २ वॉटचे चार मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा. एकूण रेझिस्टन्स ५० ओहम होतो आणि ८ वॉट झेपतात. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका. त्याच्यात तारेचे वेढेच असतात, त्यामुळे रेडिओ फ्रिक्वेन्सीला तो कॉइलसारखा वागतो. परीक्षेत हाच प्रश्न ‘डमी लोडला कोणता रेझिस्टर वापरू नये’ असा येतो आणि हातानं केलेल्या माणसाला त्यासाठी पाठांतर लागत नाही.

रेझोनन्सचं, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतात तिचं, मूळ सूत्र लक्षात ठेवाच, पण हिशोबाला त्याचं आटोपशीर रूप वापरा. १५९ला कॉइलचे मायक्रोहेन्री आणि कपॅसिटरचे पिकोफॅरड यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं भागा, उत्तर मेगाहर्ट्झमध्ये येतं. कॉइल ५ मायक्रोहेन्री, कपॅसिटर १०० पिकोफॅरड. गुणाकार ५००, वर्गमूळ २२.४, आणि १५९ भागिले २२.४ म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झ. बरोबर ४० मीटर बँडमध्ये. आता कपॅसिटर चौपट करा, ४०० पिकोफॅरड. फ्रिक्वेन्सी चौथाई होत नाही, निम्मी होते, साधारण ३.५५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८० मीटर बँड. वर्गमुळाची ही खोड समजली की ‘कपॅसिटर चौपट केला तर काय होईल’ या जातीचे प्रश्न कागद न वापरता सुटतात.

डेसिबलला, म्हणजे गुणोत्तर सांगणाऱ्या मापाला, उगाच घाबरतात. ३ डेसिबल म्हणजे पॉवर दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट. बाकीचे आकडे यांच्यातूनच तयार होतात: ६ म्हणजे चौपट, १३ म्हणजे वीसपट, आणि १० मधून ३ वजा केले तर ७ म्हणजे पाचपट. ट्रान्समीटर १०० वॉटचा, केबलमध्ये ३ डेसिबल वाया, अँटेनाचा गेन ६ डेसिबल. निव्वळ ३ डेसिबल फायदा, म्हणजे प्रभावी २०० वॉट. फक्त व्होल्टेजच्या गुणोत्तराला नियम वेगळा आहे, तिथे ६ डेसिबलला दुप्पट होते.

एसडब्ल्यूआरचे (केबल आणि अँटेना किती जुळतात याच्या मापाचे) दोन आकडे पाठ असू द्या: २ ला १ असेल तर ११ टक्के पॉवर परत येते, ३ ला १ असेल तर २५ टक्के. काढायची रीत अशी: एसडब्ल्यूआरमधून १ वजा करा, त्याला एसडब्ल्यूआर अधिक १ नं भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. या विषयातला खरा खोडा मात्र वेगळाच आहे. लांब, जुनाट केबल असेल तर ट्रान्समीटरपाशी एसडब्ल्यूआर चांगला दिसतो. अँटेनाकडे जाताना पॉवर केबलमध्ये मुरते, परत येताना उरलेलीतली आणखी मुरते आणि मीटरला परतीची पॉवर जवळजवळ दिसतच नाही. ‘एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना उत्तम’ हा पर्याय म्हणूनच चूक.

अँटेनाचं गणित सोपं आहे. ३००ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. हाफ वेव्ह डायपोलसाठी (अर्ध्या तरंगलांबीची, मध्ये केबल जोडलेली तारेची अँटेना) तारेची लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ मेगाहर्ट्झला २०.१ मीटर, म्हणजे मधल्या फीड पॉइंटपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. १५० ऐवजी १४३ का? तारेच्या टोकांशी कपॅसिटन्सचा परिणाम होतो आणि तार विजेच्या दृष्टीनं असते त्यापेक्षा थोडी लांब भासते, म्हणून सुमारे ५ टक्के कापावी लागते. प्रश्नात एका बाजूची लांबी विचारली आहे की पूर्ण, ते बघून घ्या. मोकळ्या अवकाशात डायपोलचा फीड पॉइंट सुमारे ७३ ओहमचा असतो, म्हणून ५० ओहमच्या केबलवर १.५ ला १ च्या आसपास एसडब्ल्यूआर येतो.

रिसीव्हर आणि ट्रान्समीटर

सुपरहेट रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम रोज एकदा न बघता काढा: अँटेना, आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) अँप्लिफायर, मिक्सर, त्याला खालून जोडलेला लोकल ऑसिलेटर, आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) फिल्टर, आयएफ अँप्लिफायर, डिटेक्टर, ऑडिओ अँप्लिफायर, स्पीकर. सिंगल साइडबँड (कॅरिअर आणि एक बाजू गाळून पाठवलेला आवाज) आणि मोर्ससाठी डिटेक्टरच्या जागी प्रॉडक्ट डिटेक्टर आणि त्याला बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर). प्रत्येक चौकोनाखाली त्याचं काम एका ओळीत लिहा. आठवड्याभरात हात आपोआप चालतो.

इमेज फ्रिक्वेन्सीचं गणित मात्र मन लावून करा, बऱ्याच जणांचं ते अर्धवट राहतं. ऐकायचं आहे ७१०० किलोहर्ट्झ, आयएफ ४५५ किलोहर्ट्झ, ऑसिलेटर वरच्या बाजूला ७५५५ वर. मिक्सरला फक्त फरक कळतो. ७५५५ वजा ७१०० म्हणजे ४५५, पण ८०१० वजा ७५५५ सुद्धा ४५५च. म्हणून ८०१० किलोहर्ट्झवरचं स्टेशन आगंतुकासारखं येऊन बसतं. इमेज नेहमी आयएफच्या दुप्पट अंतरावर असते. एकदा मिक्सरमध्ये शिरली की आयएफ फिल्टर तिचं काही करू शकत नाही, कारण तोवर दोन्ही सिग्नल ४५५ वरच आलेले असतात. तिला मिक्सरच्या आधीच, आरएफ टप्प्यात अडवायला लागतं, नाहीतर आयएफच उंच ठेवायचा, म्हणजे इमेज लांब जाते. शेजारचं स्टेशन आयएफ फिल्टर अडवतो, इमेज आरएफ टप्पा अडवतो. या दोघांची अदलाबदल ही परीक्षेतली नेहमीची चूक.

सिंगल साइडबँडच्या ट्रान्समीटरमध्ये बॅलन्स्ड मॉड्युलेटर कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) दाबतो आणि त्यानंतरचा फिल्टर नको असलेला साइडबँड काढतो. एवढी कटकट कशासाठी, याचं उत्तर एएमच्या हिशोबात आहे. १०० टक्के मॉड्युलेशनला एकूण पॉवरचे दोन तृतीयांश कॅरिअर खातो आणि त्यात बोलणं काहीच नसतं. बँडविड्थ अशी लक्षात ठेवा: ३ किलोहर्ट्झच्या आवाजाला एएम ६ किलोहर्ट्झ घेतं, सिंगल साइडबँड त्याच्या निम्मी. एफएमसाठी डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) आणि ऑडिओ यांची बेरीज करून दुप्पट करा. ५ आणि ३ मिळून ८, दुप्पट १६ किलोहर्ट्झ.

पॉवर सप्लायवर प्रश्न कमी, पण ठरलेले येतात. फुल वेव्ह रेक्टिफायरची रिपल (डीसीवर उरलेली थरथर) मेन्सच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झला १०० हर्ट्झ. ब्लीडर रेझिस्टर सप्लाय बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करतो. तो नसेल तर बंद पेटीही जोरदार झटका देते. ढवळाढवळीच्या (इतरांच्या सेटला होणाऱ्या उपद्रवाच्या) प्रश्नांत हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची पट) हिशोबानं काढा: ७.०५चा तिसरा हार्मोनिक २१.१५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १५ मीटर बँड. लो पास फिल्टर ट्रान्समीटरला, हाय पास फिल्टर टीव्हीला.

तरंग कसे पसरतात, हे पुस्तकापेक्षा रिसीव्हरवर लवकर कळतं. वातावरणाच्या वरच्या आयनांच्या थरांपैकी डी थर दिवसा खालचे बँड शोषतो आणि सूर्य मावळल्यावर विरून जातो, म्हणून ४० मीटरवर दिवसा जवळची आणि रात्री लांबची स्टेशनं येतात. एफ१ आणि एफ२ रात्री एकत्र होतात. सूर्यडागांचं चक्र सुमारे ११ वर्षांचं. परीक्षेपुरतं एवढ्यावर बरंच भागतं. इंटरनेटवरच्या सार्वजनिक रिसीव्हरवर सकाळी आणि रात्री दहा-दहा मिनिटं ७ आणि १४ मेगाहर्ट्झ ऐका. १० मेगाहर्ट्झच्या खाली आवाज लोअर साइडबँडवर, वर अपर साइडबँडवर, ही प्रथाही ऐकूनच अंगात मुरते. हातात सेट आला असला तरी परवान्याआधी माइकचं बटण दाबायचं नाही.

नियम: इथे अंदाजपंचे चालत नाही

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतली हौशी सेवेची व्याख्या शब्दशः पाठ करा, आणि ज्या भाषेत पेपर देणार त्याच भाषेत. तिच्यात तीन कामं आहेत: स्वतःचं शिक्षण, आपापसातला संपर्क आणि तांत्रिक शोध. आणि दोन अटी आहेत: हेतू निव्वळ वैयक्तिक, पैशाचा लाभ नाही. प्रश्न बहुधा या पाचांपैकी एक बदलून विचारतात. त्याच नियमावलीप्रमाणे अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, उपग्रहांना दिलेल्या नियंत्रण आज्ञा तेवढ्या अपवाद. क्यू कोड आणि मोर्स यांचा अर्थ जगजाहीर आहे, त्यामुळे ते ‘सांकेतिक’ ठरत नाहीत. जगाचे तीन विभाग लक्षात ठेवा. युरोप आणि आफ्रिका पहिल्यात, अमेरिका खंड दुसऱ्यात, आशियाचा मोठा भाग आणि ओशिआनिया तिसऱ्यात. ४० मीटर बँड दुसऱ्या विभागात ७.३ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, इतरत्र ७.२ पर्यंत. परदेशी पुस्तकावरून अभ्यास करणारे इथे फसतात. बँडचा तक्ता आपल्या देशाचाच घ्या.

प्रक्षेपणाच्या संज्ञा पाठ करण्यापेक्षा फोडून समजून घ्या. पहिलं अक्षर मॉड्युलेशनचं: ए म्हणजे दोन्ही साइडबँडचं एएम, जे म्हणजे कॅरिअर दाबलेला सिंगल साइडबँड, एफ म्हणजे एफएम. मधला आकडा सिग्नलचा: १ म्हणजे चालू-बंद होणारा डिजिटल, ३ म्हणजे अॅनालॉग. शेवटचं अक्षर माहितीचं: ए म्हणजे कानानं घ्यायची तार, ई म्हणजे बोलणं. मग ए१ए म्हणजे मोर्स, जे३ई म्हणजे सिंगल साइडबँडवरचा आवाज आणि एफ३ई म्हणजे एफएमवरचा, हे आपसूक उलगडतं.

क्यू कोड चिठ्ठ्यांवर लिहा, रोज पाच. क्यूआरएम आणि क्यूआरएन यांत गोंधळ होतो: एम म्हणजे माणसाचा उपद्रव, एन म्हणजे निसर्गाचा. मराठीत ही खूण चपखल बसते. क्यूआरओ पॉवर वाढवा, क्यूआरपी कमी करा, क्यूआरटी प्रेषण थांबवा, क्यूएसबी सिग्नल चढतो-उतरतो, क्यूएसवाय फ्रिक्वेन्सी बदला, क्यूटीएच ठिकाण. पुढे प्रश्नचिन्ह आलं की तोच कोड प्रश्न होतो, आणि पेपरात दोन्ही अर्थ पर्यायांत असतात. आरएसटी रिपोर्टमध्ये वाचनीयता ५ पर्यंत, ताकद आणि टोन ९ पर्यंत. म्हणून बोलण्यात ५९, मोर्समध्ये ५९९.

उच्चारवर्णमालेत फोनवरचं ‘बी फॉर बॉल’ चालत नाही, ब्राव्होच म्हणायचं. अल्फा ते झुलू पाठ झाली की रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरप्लेटी मनात वाचत चला. चार दिवसांत अडखळणं थांबतं. संकटाच्या संदेशांचा क्रमही पक्का हवा: आधी मेडे, मग पॅन पॅन, मग सेक्युरिते. मोर्समधला एसओएस मध्ये अंतर न सोडता एका दमात पाठवतात.

लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) लिहितात आणि तिथे तारीख घसरते. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल, तर १२ तारखेच्या पहाटे ३ वाजता लॉगमध्ये ११ तारीख आणि २१:३० ही वेळ पडते.

मोर्स

२००३ साली जिनेव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि निर्णय त्या त्या देशावर आला. तुमच्या श्रेणीला मोर्स असेल तर अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. ते शेवटी ‘उरकण्या’सारखं नाही.

टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. तक्त्यावरून शिकलेला माणूस आवाज ऐकतो, मनात टिंबं मोजतो, तक्त्यात शोधतो आणि मग अक्षर लिहितो. मिनिटाला ५ शब्दांपर्यंत हे निभतं, पुढे वेळच पुरत नाही आणि गाडी अडकते. अक्षर हा एक सूर म्हणून ऐकायचा (टिंब म्हणजे डि किंवा डिट, रेघ म्हणजे डा): के म्हणजे डा-डि-डा, एम म्हणजे डा-डा. कॉख पद्धतीत या दोनच अक्षरांनी सुरुवात करतात, पण अक्षराचा वेग २० शब्दांचा ठेवतात. ९० टक्के बरोबर येऊ लागली की तिसरं अक्षर घ्यायचं. सुरुवातीला वेग झेपत नसेल तर अक्षरं वेगातच ठेवा आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवा. अक्षर ताणलं की त्याचा सूर बदलतो आणि पुढे तेच पुन्हा शिकावं लागतं.

मापं ठरलेली आहेत. डा हा डिटच्या तिप्पट, अक्षराच्या आत एक डिटची जागा, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. पॅरिस या शब्दाला, पुढच्या जागेसकट, बरोबर ५० डिट लागतात आणि वेग त्यावरच मोजतात. १२००ला वेगानं भागा की डिटची लांबी मिलिसेकंदांत मिळते: १२ शब्दांना १००, ८ शब्दांना १५०. १२ शब्द म्हणजे सेकंदाला एक अक्षर, तेव्हा लिहिण्याचा हातही तेवढा चालला पाहिजे.

रोज पंधरा मिनिटं, दोनदा. सलग तासभर बसलात तर पंचवीस मिनिटांनंतर कान बंद होतो आणि उरलेला वेळ फुकट जातो. घसरणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून घोटा: एस आणि एच, एच आणि ५, व्ही आणि ४, बी आणि ६. या सगळ्यांत फरक एका डिटचाच आहे. आणि अक्षर सुटलं तर तिथे एक रेघ मारून पुढे चला. सुटलेल्या अक्षराच्या मागे लागलात की पुढची चार जातात, आणि एका चुकीच्या जागी पाच होतात.

पाठवताना हात बोटातून नाही, मनगटातून हलवा, कोपर टेबलावर टेकलेलं असू द्या. वेगापेक्षा अंतरं नीट ठेवा. घाईत ए, म्हणजे डि-डा, फाटला तर ऐकणाऱ्याला ई आणि टी अशी दोन अक्षरं मिळतात. चूक झाली तर आठ डिट देऊन तो शब्द पुन्हा पाठवा.

वेळ आणि पेपर

रोज तासभर देता आला तर बारा आठवडे पुरतात: पहिले सहा गणित आणि सर्किट, पुढचे तीन नियम, शेवटचे तीन घड्याळ लावून सराव पेपर. मोर्स बाराही आठवडे. सराव पेपरातल्या चुका वहीत लिहा, पण बरोबर उत्तर न लिहिता चूक का झाली ते लिहा: एकक, घाई की माहितीच नव्हती. एककाच्या चुका सगळ्यांत जास्त भरतात. किलोहर्ट्झचा आकडा मेगाहर्ट्झच्या सूत्रात टाकला की उत्तर हजारपटीनं चुकतं, आणि तेही पर्यायांत ठेवलेलं असतं.

पेपरात आधी नियम उरकून घ्या, त्यांना वेळ कमी लागतो. मग गणितं. प्रश्नातल्या ‘नाही’ आणि ‘सोडून’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. वर्णनात्मक पेपर असेल तर आकृती मोठी, मोजपट्टीनं, सिग्नलच्या दिशेचे बाण दाखवून काढा.

मोर्सच्या टेबलावर बसल्यावर, सुरू करण्याआधी, कीचं (मोर्सच्या खटक्याचं) अंतर आणि स्प्रिंग स्वतःच्या हाताला लावून घ्या आणि दोन-चार व्ही पाठवून बघा. डि-डि-डि-डा, डि-डि-डि-डा. अंतर फार असेल तर डिट गळतात, फार कमी असेल तर चिकटतात.